एकेचाळिसावा वाफा

१

आधी माफी मागून घेतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही आणि मोठे शब्द मला येत नाहीत. मी आठवीत शाळा सोडली. जे झालं ते मला येतात त्याच शब्दांत लिहितो. वाचणाऱ्याला साधं वाटेल, पण खोटं वाटू नये एवढीच इच्छा आहे.

माझं नाव उत्तम. सौसरहून रामाकोन्याला जाणाऱ्या रस्त्यावर बापूजी खोडे यांची पन्हेरी आहे, तिथे मी कामाला आहे. पन्हेरी म्हणजे संत्र्याच्या रोपांची जागा. जंभेरीचं, म्हणजे जंगली लिंबाचं, रोप वाढवायचं, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि कलम तयार झालं की विकायचं. आमचे चाळीस वाफे आहेत. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी पत्र्याची एक पाटी रोवलेली आहे. त्या पाट्यांवरचे आकडे मी रंगवले. बापूजींचा धाकटा मुलगा मुकुंदभाऊ, त्यांनी ते आकडे पाहिले आणि विचारलं, "हे कोणं रंगवलं? तीनचा आकडा छापल्यासारखा हाय." मी आईच्या मागे उभा होतो. आई, तिचं नाव यमुना, वाफे निंदायच्या कामावर होती, आजही आहे. तीच बोलली, "माया पोरानं, भाऊ. थो बोलत नाई, पण हात चांगला हाय त्याचा."

त्या दिवसापासून मी मुकुंदभाऊंच्या हाताखाली आलो.

सकाळचं काम ठरलेलं होतं, आजही तेच आहे. सहाला गुणवंताभाऊ मोटर लावतात आणि दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, एकेका वाफ्यात पाणी सोडतात. आठला मी एक नंबरपासून निघतो. प्रत्येक वाफ्यात वाकायचं आणि पहिल्या पेरापर्यंत अंगठा मातीत दाबायचा. वरून माती ओली दिसते आणि दोन बोटं खाली कोरडी असते, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. अंगठा दाबून थांबायचं, ओल लागली तरच पुढे जायचं. मुकुंदभाऊ डावखुरे होते. ते डावा अंगठा टेकवत आणि मी उजवा, त्यामुळे आमच्या खुणा एकमेकींकडे झुकलेल्या दिसत.

त्यांचा नियम एकच होता. "हात लावल्याबिगर हो लिवायचं नाई, उत्तम. कोणी सांगितलं तरी नाई."

२

'हो' लिहायचं ते कॉम्प्युटरवर.

तो बियाण्याच्या जुन्या खोलीत ठेवला आहे. खोलीला अजून निंबोळीच्या पेंडीचा वास येतो. चप्पल बाहेर काढायची, दार लोटायचं. समोर खिडकी आहे, तिच्यातून सगळे वाफे विहिरीपर्यंत दिसतात. १९८५ साली मुकुंदभाऊंनी हे यंत्र नागपूरहून जीपमध्ये मांडीवर धरून आणलं, असं गुणवंताभाऊ सांगतात. त्याला पुढून दोन खाचा आहेत. वरच्या खाचेत प्रोग्रामची फ्लॉपी घालायची आणि खालच्या खाचेत वाफ्यांची. प्रोग्राम मुकुंदभाऊंनी स्वतः लिहिला. त्याचं नाव 'पन्हेरी'.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं येतात. अक्षरं इंग्रजी असतात, पण शब्द आपले. वाफा १: पाणी दिलं? मग मी 'हो'साठी एच नाहीतर 'नाही'साठी एन दाबायचा. खालच्या खाचेचा लाल दिवा लागतो आणि आतून कट् असा आवाज येतो. चाळीस प्रश्न, चाळीस वेळा कट्, मग एक लांब कर्र, आणि शेवटी पडद्यावर येतं: झालं. हात धुवा.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "भाऊ, हात तर बटनं दाबायच्या आधी धुवाले पायजे ना?"

मुकुंदभाऊ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग इतके हसले की खुर्चीवरून उठले. "बराबर बोलून राहिला तू. पण आता कोण बदलवते बाप्पा. राहू दे तसंच." म्हणून आमचं एच हे बटन मातीनं तपकिरी झालं आहे. एन मात्र बराच स्वच्छ आहे.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण चांगलं काम कळतं. हा प्रोग्राम नको ते विचारत नाही. विचारलं ते विसरत नाही. एखाद्या वाफ्याला तुम्ही 'नाही' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी तो आधी 'एक दिवस कोरडा' असं दाखवतो आणि मग विचारतो. रागावत नाही, नुसतं दाखवतो. गिऱ्हाइकाला कलमांसोबत त्याच वाफ्याचा छापील कागद मिळतो, कोणत्या दिवशी पाणी, कोणत्या दिवशी डोळा बांधला. पांढुर्ण्याचे, तिगावचे शेतकरी तो कागद घडी करून खिशात ठेवतात. एवढ्या लोकांचा भरवसा दोन पातळ फ्लॉप्यांवर चालतो, हे मला रोज सकाळी नवल वाटायचं.

१९८६च्या पावसाळ्यात मुकुंदभाऊंना कावीळ झाली. नागपूरला नेलं. अठराव्या दिवशी ते गेले. सव्वीस वर्षांचे होते.

त्यानंतर कोणी काही म्हणायच्या आत मी दुसऱ्या सकाळी वाफे फिरलो आणि खोलीत जाऊन बसलो. तेव्हापासून ती खुर्ची माझ्याकडे आहे. आई निंदता निंदता खिडकीकडे पाहते. दुसऱ्या बायांना म्हणते, "पाहा, माया लेक खुर्चीवर बसून काम करून राहिला."

३

गेल्या दिवाळीनंतर नागपूरचे मोरेश्वर सर बापूजींकडे येऊ लागले. ते कॉम्प्युटरचा क्लास चालवतात आणि प्रोग्राम विकतात. माणूस चांगला, मला 'अहो उत्तमराव' म्हणत, मग मी आणखीच गप्प होई. त्यांचा नवा प्रोग्राम इंग्रजीत होता, चालवायला त्यांच्या क्लासमधला मुलगा मिळणार होता. बापूजींनी मला बोलावलं.

"उत्तम, माया पोराचं काम हाय थे, मले काय फेकाचं हाय? पण धंदा हाय. जवरी जुनं बराबर चालून राहिलं, तवरी तू बस खुर्चीवर. एक गलती निघाली का मंग मी सरचं घेतो."

"मंग मी, बापूजी?"

"तू काय, फावडं हाय का नाई?" असं म्हणून ते दुसरीकडे पाहू लागले. त्यांना ते बोलायला आवडलं नव्हतं.

फावड्याची मला लाज नाही. पण आई खिडकीकडे पाहते ते डोळ्यांपुढे आलं.

संक्रांत होऊन गेली आणि नंतरच्या गुरुवारी, १९८८ सालच्या जानेवारीत, मी नेहमीसारखा वाफे फिरून बसलो. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. एच, कट्. एच, कट्. मी आवाजच मोजतो, पडदा फार पाहत नाही. चाळिसावा कट् झाला आणि मी कर्रची वाट पाहत हात मांडीवर ठेवले.

कर्र आला नाही.

मी वर पाहिलं. पडद्यावर होतं: वाफा ४१: पाणी दिलं?

मला पहिल्यांदा वाटलं की मी मोजण्यात चुकलो. मग वाटलं, मधे कुठे दोनदा बटन दाबलं गेलं असेल. पण तसं असतं तर प्रश्न लवकर संपले असते, जास्त झाले नसते. मी खिडकीतून पाहिलं. चाळीस नंबरची माझी पाटी उन्हात चमकत होती. तिच्यापुढे विहिरीच्या काठापर्यंत चुनखडीची पांढरी जागा, एखाद्या वाफ्याएवढीच. तिथे कधी काही लावलं नाही. तिथे गवतही धरत नाही.

मी एन दाबला, कारण ते खरं होतं. तिथे कोणी पाणी दिलं नव्हतं.

कट् असा आवाज झाला. पण खालच्या खाचेचा लाल दिवा लागला नाही. मग कर्र, आणि 'झालं. हात धुवा.' मी टाकीवर जाऊन हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

४

शुक्रवारी चाळिसाव्यानंतर आलं: वाफा ४१: एक दिवस कोरडा. पाणी दिलं?

मी दार आतून लावून घेतलं आणि कपाट उघडलं. मुकुंदभाऊंनी सगळा प्रोग्राम कागदावर छापून फाईलमध्ये ठेवला होता. कडेला भोकं असलेला लांब कागद, घडीवर घडी. त्यातली एक ओळ त्यांनी मला बोट ठेवून शिकवली होती. "ही पाहा. इथून थे मोजाले लागते, एकपासून चाळीसपर्यंत. चाळीस म्हणजे चाळीस. पुढं जाऊ शकत नाई." ती ओळ मला सापडली. एक ते चाळीस असंच लिहिलं होतं. बाजूला त्यांनी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती, डावखुऱ्या माणसाची, उलटी झुकलेली.

मग मी जपून ठेवलेली प्रोग्रामच्या फ्लॉपीची जुनी प्रत काढली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात १९८५ची तारीख होती. ती वरच्या खाचेत घातली आणि पुन्हा चालवून पाहिलं. चाळीस कट् झाले. मग एकेचाळीस आला.

मला चूक सापडावी असं फार वाटत होतं. चूक सापडली असती तर ती माणसाची असती.

दुपारी जेवणाच्या सुटीत मी त्या पांढऱ्या जागेवर गेलो. माती फाटली होती. जानेवारीत आमच्याकडे जमीन फाटत नाही, ते वैशाखात होतं. भेगा चारी बाजूंनी सरळ गेल्या होत्या. लांबीला बावीस पावलं, रुंदीला चार. आमचा प्रत्येक वाफा तेवढाच आहे.

गुणवंताभाऊ विहिरीच्या काठावर बिडी ओढत बसले होते. "काय हरपलं गा?"

"काही नाई. इथं कधी वाफा होता काय?"

"चुनखडीत? जंभेरी मरून जाते इथं." त्यांनी बिडी विझवली. "मुकुंदभाऊ डबा खाले इथंच बसत. म्हणत, एवढी जागा फोकट गेली ना, गुणवंता. मी म्हणलं, सोडा भाऊ, चाळीसच निस्तरत नाई. काहून विचारून राहिला?"

"असंच."

"तुयं तोंड काहून उतरलं? मोरेश्वर सरच्या पोट्ट्याले भेला काय?"

मी हसलो. ते मला सोपं गेलं.

शनिवारी 'दोन दिवस कोरडा'. रविवारी 'तीन दिवस'. रोपांना रविवार नसतो, म्हणून मलाही नसतो. दर वेळी मी एन दाबत होतो आणि दर वेळी दिवा न लागता कट् वाजत होता. आता तो आवाज मला यंत्रातून येतोय असं वाटत नव्हतं. तो थोडा डावीकडून यायचा, खिडकीच्या बाजूनं. पण रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, हेही मला माहीत आहे.

रविवारी घरी आईनं विचारलं, "जेवून काहून नाई राहिला?"

"आई, एखाद्या वाफ्याले पाणी दिलं नसन, अन् दिलं म्हणून लिवलं तर?"

तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "मुकुंदभाऊ काय सांगत होते तुले?"

"मालूम हाय."

"मालूम हाय तं मले कायले विचारतं?"

५

सोमवारी बापूजींनी खोलीच्या दारातून सांगितलं, "उद्या सर येऊन राहिले. जुनं अन् नवं दोन्ही चालवून पाहू. माया समोर. सकाळी दहा वाजता."

ते गेले आणि मी चाळीस प्रश्न पूर्ण केले. मग पडद्यावर आलं: वाफा ४१: चार दिवस कोरडा. पाणी दिलं?

उद्या बापूजींच्या डोळ्यांसमोर 'पाच दिवस कोरडा' येणार. नसलेला वाफा. यापेक्षा मोठी चूक कोणती असणार? सर काही वाईट बोलणार नाहीत, नुसतं हसतील. खुर्ची जाईल, आणि हा प्रोग्रामही जाईल. फ्लॉप्या कपाटात पडून राहतील. मी स्वतःला सांगितलं की वाफाच नाही, तर 'हो' लिहिल्यानं कोणाचं काय बिघडतं? कोणत्याही गिऱ्हाइकाला एकेचाळीस नंबरचा कागद जाणार नाही. एकदा 'हो' लिहिलं की त्याचं समाधान होईल आणि तो विचारायचं थांबवेल.

मी एच दाबला.

कट् वाजला नाही. काहीच वाजलं नाही. यंत्राचा पंखा चालू असतो, तोही मला ऐकू आला नाही. बाहेर मोटर चालू होती, बाया बोलत होत्या, ते सगळं एकदम लांब गेलं. मग पडद्यावर अक्षरं आली: झालं.

एवढंच. हात धुवायला त्यानं सांगितलं नाही.

मी तरी टाकीवर गेलो. चाळीस वाफ्यांची माती अंगठ्यावर होती, ती निघाली. पण दिवसभर तो अंगठा कोणीतरी धरून पाहतंय असं मला वाटत राहिलं. आपण वैद्याला हात देतो, तसा.

६

मंगळवारी मोरेश्वर सर नऊच्या गाडीनं आले. त्यांनी चप्पल बाहेर काढली, मला फार बरं वाटलं. बापूजी पांढरं धोतर नेसून स्टुलावर बसले. आधी सरांनी आपली फ्लॉपी घालून नवा प्रोग्राम दाखवला. चौकटी, याद्या, एकातून दुसऱ्यात जायचं. चांगला होता, मी खोटं बोलणार नाही.

"हे काय विचारून राहिलं?" बापूजींनी पडद्याकडे बोट केलं.

"इरिगेशन स्टेटस, बापूजी."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी दिलं का."

"मंग पाणी म्हणा ना." बापूजी माझ्याकडे वळले. "या उत्तमले हिंदीतच घाम फुटते. याले तुमी इंग्रजीत विचारता."

सर मनापासून हसले. "उत्तमराव, आता तुमचं दाखवा. मला मुकुंदचं काम पाहायचंच होतं."

मी दोन्ही फ्लॉप्या घातल्या. सकाळी मी चाळीसही वाफ्यांत अंगठा दाबला होता, तिथे काही खोट नव्हती. एच, कट्. एच, कट्. सर थोडं पुढे वाकले. "किती साफ लिहिलंय," ते म्हणाले. "एक शब्द जास्त नाही." मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी एकेचाळीस आठवला. तीस झाले. पस्तीस झाले. बापूजी डोळे मिटून नुसते आवाज ऐकत होते. मुलाचं काम चाललं आहे, ते ऐकत होते.

चाळीस. कट्.

पडदा थोडा वेळ रिकामा राहिला. मग एक ओळ आली.

वाफा ४१: हात लावला?

हा प्रश्न त्या प्रोग्राममध्ये नाही. तो लांब कागद मी शुक्रवारी पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत पाहिला होता. हे शब्द त्यात कुठेच नाहीत.

"हे काय मधेच?" सर म्हणाले. "वाफे चाळीसच ना?"

बापूजींनी डोळे उघडले. त्यांना इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता येतात. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि तसाच हातात ठेवला.

"असंच विचारे थो," ते हळू म्हणाले. "जेवाले बसलं तरी विचारे. कोणी म्हणलं का काम झालं, तं म्हणे, हात लावला?"

मग ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणून राहिलं थे, उत्तम?"

मी उभा राहिलो. मला बसून बोलता येईना. "बापूजी, थे गुरुवारपासून एकेचाळीस नंबर विचारून राहिलं. मी सांगितलं नाई. तुमी नवं घ्याल म्हणून भेलो. अन् काल मी हो लिवलं."

"लावला काय हात?"

"नाई."

"मंग हो कायले लिवलं?"

मी वाकून एन दाबला. कट् नाही, कर्र नाही. ओळ पुसली गेली आणि तीच पुन्हा आली. हात लावला? मी पुन्हा एन दाबला. पुन्हा तीच.

"अडकलाय," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज मघाचा नव्हता. "बंद करून परत सुरू करू."

"राहू द्या," बापूजी म्हणाले. "जा, उत्तम."

७

दुपारचे बारा वाजत आले होते. इतकं लख्ख ऊन होतं की चाळीस नंबरच्या पाटीकडे बघवत नव्हतं. बाया जेवायला गेल्या होत्या. गुणवंताभाऊंनी मोटर बंद केली होती. पन्हेरीत मी एकटा होतो. खोलीच्या खिडकीत बापूजी बसलेले दिसत होते, एवढं मी पाहून घेतलं.

मी फाटलेल्या चौकटीच्या कडेला बसलो. माती दगडासारखी दिसत होती, पांढरी आणि कोरडी. मला वाटलं अंगठा नुसता टेकेल. मी दाबला.

तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. आणि आत ओल होती. आमच्या कोणत्याही वाफ्यात असते त्याहून थंड, कोणीतरी पहाटेपासून थोडं थोडं, जपून पाणी दिल्यासारखी. इतकी चांगली ओल मी स्वतः कधी दिली नाही. भीतीच्या आधी माझ्या मनात हेच आलं, की हे काम चांगलं झालं आहे.

मग मी पाहिलं.

माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर माती खाली जात होती. मी वारा आठवला, मुंग्या आठवल्या, खाली पोकळी असेल असं मनाला सांगितलं. पण तो खड्डा गोल नव्हता. लांबट होता आणि माझ्या अंगठ्याकडे झुकलेला होता. कडेची माती हळूहळू वर आली, दाबल्यावर येते तशी. पहिल्या पेराएवढा खोल झाला आणि थांबला.

तो कसा थांबला ते मला नीट सांगता येत नाही. घाई नव्हती त्यात. खात्री होईपर्यंत थांबायचं असतं, तसं.

मी अंगठा ओढून काढला आणि पळालो. पळताना पाटीला पाय लागला, ती वाकली.

खोलीत बापूजी जागचे उठले नव्हते. मोरेश्वर सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. पडद्यावर होतं: झालं. हात धुवा.

"आम्ही हात लावला नाही," सर म्हणाले. "उत्तमराव, तुम्ही वाकलात आणि ते आपोआप पुढे गेलं. मी कीबोर्डपासून इथे येऊन उभा राहिलो होतो. बापूजींना विचारा."

बापूजी पडद्यावरच्या त्या शब्दांकडे पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, "ओल होती?"

"होती बापूजी. बराबर होती."

त्यांनी चष्मा लावला आणि मान हलवली. कामाचा हिशेब बरोबर लागला की माणूस हलवतो, तेवढीच.

सरांनी आपली फ्लॉपी पाकिटात घातली. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही. दारात चप्पल घालताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमचं काम यात भागतं ना? मग हेच असू द्या. मी नाही बदलणार हे."

बापूजींनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. परत येताना खिडकीशी थांबले आणि बाहेरूनच बोलले, "उत्तम, खुर्ची तुयी. पण उद्यापासून एकेचाळीस हायेत, ध्यानात ठेव."

संध्याकाळी उजेड असतानाच मी पत्र्याचा तुकडा कापला आणि त्यावर ४१ रंगवला. एकाचा आकडा दोनदा पुसून काढला. मला तो सरळ हवा होता.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच गेलो. गुणवंताभाऊ मोटर लावत होते. मी म्हणालो, "भाऊ, चाळीसचा दांड पुढं फोडा. तिथं पाणी पायजे."

"चुनखडीले?"

"वाफा हाय तो."

त्यांनी माझ्या हातातली पाटी पाहिली. त्यांनी फावड्यानं दांड फोडला. पाणी पांढऱ्या मातीवर आलं आणि भेगांमधून आवाज न करता आत गेलं. मी वाकलेली पाटी सरळ केली आणि तिच्या पुढे नवी रोवली.

मग एक नंबरपासून निघालो. रोजच्यासारखं प्रत्येक वाफ्यात वाकलो, प्रत्येकात थांबलो. आई सोळा नंबरमध्ये निंदत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. चाळीस झाल्यावर मला पाय मोजून टाकावे लागले. एकेचाळीसच्या कडेला मी बसलो आणि अंगठा टेकवला. तो आत गेला. थंड ओल लागली.

शेजारची माती खाली जाऊ लागली.

मला पळावंसं वाटत होतं, ते लपवत नाही. पण ज्या माणसानं मला हे काम शिकवलं, तो ते तपासत असताना मधेच उठून जाणं मला बरं वाटलं नाही. मी बसून राहिलो. त्याचा अंगठा वर निघाला, मग मी माझा काढला, आणि खोलीत जाऊन एकेचाळीस वेळा हो लिहिलं.